लाल दिव्याला शनिवारचं तेल

१ जानेवारी १९६२, सोमवार. तुळजापूर.

नवं वर्ष, नवी डायरी, नवी मोटार. (मोटार माझ्यापुरती नवी. तशी ती लढाईच्या आधीची आहे.) सोलापूरच्या एका रिटायर साहेबांकडून घेतली. काळी, चार दारांची, विलायती. हॉर्न असा की कोर्टाच्या ओट्यावर झोपलेले पक्षकार उठून उभे राहतात.

गाडी का घेतली ते इथंच लिहून ठेवतो. दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. निजामाच्या राज्यात माझी धाकटी बहीण वनमाला बाळंतपणात अडली. बैलगाडीतून सोलापूरला न्यायला निघालो. घाट उतरला, पण तामलवाडी काही आली नाही. मी तिच्या उशाशी होतो. बैल चालतच होते आणि ती गेली.

आता प्रमोदिनी, आमची एकुलती एक लेक, कळंबहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल आडवं आहे, कळा सुरू झाल्या की इथं थांबू नका, सरळ सोलापूरचा दवाखाना गाठा. तारीख फेब्रुवारीअखेरची. म्हणून गाडी. माझ्या घरची बाई पुन्हा बैलगाडीत बसणार नाही.

प्रमोदिनीच्या आईचं, अनसूयेचं म्हणणं, महिनाभर आधीच एसटीनं सोलापूरला जावं, तिच्या मावशीकडं राहावं. म्हटलं, दारात मोटार असताना वकिलाची लेक एसटीनं? ती भाजी निवडायला लागली. पटलं असावं.

३ जानेवारी, बुधवार.

भयंकर. गाडी देवळाच्या महाद्वाराजवळ गर्दीत अडकली. इंजिन चालू. एकदम समोरच्या फळीवर लाल दिवा लागला. वाटाण्याएवढाच, पण असा रोखून बघत होता की मी हॉर्न वाजवायचंही विसरलो. गर्दी हटली, गाडी हलली, दिवा विझला.

साहेबांनी सांगितलं होतं की उभी असली की लागतो, पळाली की विझतो, फिकीर करू नका. पण विकणारा माणूस फिकीर करा असं कधी म्हणेल का? असले साक्षीदार मी उलटतपासणीत रोज फोडतो.

घाबरलो वगैरे नाही. फक्त जेवण गेलं नाही.

४ जानेवारी, गुरुवार.

गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचून काढलं. सोपं आहे. पट्टा पंखा आणि डायनॅमो फिरवतो, डायनॅमो बॅटरी भरतो, बॅटरी ठिणगी देते. लाल दिवा म्हणजे बॅटरी भरत नाही. बॅटरी संपली की गाडी जागच्या जागी उभी. जागच्या जागी म्हणजे कुठं, हे पुस्तकात नाही. मला ठाऊक आहे. घाटाच्या पायथ्याशी.

पट्टा सैल होऊन घसरतो का पाहा, असं लिहिलंय. पाहिला. घट्ट आहे. म्हणजे दोष दुसरीकडं. आठवड्यात शोधून काढतो. एल्‌एल.बी. झालेल्या माणसाला एक दिवा भारी नाही.

५ जानेवारी, शुक्रवार.

तपास जोरात. कोर्टात जाण्याआधी, आल्यावर आणि जेवल्यावर स्विच लावून दिवा बघतो. स्विच लावला की तो लागतोच. इंजिन बंद असताना लागतो! याचा अर्थ दोष फार खोल आहे. रोज असंच बघत राहणार.

६ जानेवारी, शनिवार.

तात्या येऊन गेले. तात्या म्हणजे माझे चुलतभाऊ, वयानं मोठे, पंचांगावर गावात त्यांचा शब्द चालतो. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, अंबादास, हे मेकॅनिकचं काम नव्हे. पुढच्या महिन्यात मकरेत आठ ग्रह एकत्र येतायत. अष्टग्रही. मकर शनीचं घर, लोखंड शनीचा धातू, आणि तुझी गाडी सगळी लोखंडाची. तिला ते आधीच कळायला लागलंय.

विचारलं, उपाय? म्हणाले, शनिवारी मारुतीला तेल घालतो तसंच इथं घाल. करडईचं. पण कुठंही नको. ग्रह फिरतो, तेव्हा जे लोखंड फिरतं त्यावर.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण कोर्टातही आपण मुख्य मागणीखाली एक पर्यायी मागणी लिहितोच. झाकण उघडून इंजिनाच्या तोंडावरच्या दोन्ही चाकांना आणि त्यांच्यावरच्या पट्ट्याला पळीभर तेल, कुंकवाची पाच बोटं. छान दिसतं.

७ जानेवारी, रविवार.

दिवा लागला. आणि या वेळी गाडी चालू असताना! स्टँडपासून घरापर्यंत विझला नाही. वेग वाढवला की जास्तच प्रखर. शनी जागा झाला असं तात्या म्हणाले. जागा झाला हे चांगलं की वाईट, विचारायचं धाडस झालं नाही.

११ जानेवारी, गुरुवार.

कालपासून दिवा नाही. तेलाचा गुण. ग्रह सावकाश चालतात तसा गुणही सावकाश येतो. आज मन शांत. प्रमोदिनीला म्हटलं, बघ, तुझी गाडी तयार आहे. ती हसली. हसताना तिनं पोटावर हात ठेवला तर मला लगेच वाटलं, निघायचं का? ती म्हणाली, आप्पा, नुसतं हसले.

उद्या घाट उतरून तामलवाडीपर्यंत सरावाची फेरी मारणार. (सोलापूरहून गाडी वर आणली ती साहेबांच्या ड्रायव्हरनं. घाटात मी अजून चालवलेली नाही. तसं अवघड काही नसावं.)

१२ जानेवारी, शुक्रवार.

घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो. वळणावर मेंढरं होती. मेंढरांना उगाच त्रास कशाला?

१३ जानेवारी, शनिवार.

तेल. गुण आला म्हणून या खेपेला वाटीभर.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत.

अनसूयेला आणि तिच्या दोन मैत्रिणींना वाणाला नेलं. दिवा सगळा वेळ लाल. बायकांना वाटलं, सजावट आहे. एक म्हणाली, भावजी, छान आहे हो कुंकवासारखा. मी दात दाखवले.

घरी आल्यावर अनसूयेनं विचारलं, करडईच्या तेलाची बरणी एवढी खाली कशी गेली? म्हटलं, संक्रांतीचं तळण झालं असेल. ती म्हणाली, तळण मी केलं, मला ठाऊक आहे. विषय बदलला.

१८ जानेवारी, गुरुवार.

नळदुर्गला जाऊन आलो. हमरस्त्यावर ट्रकवाल्यांच्या गाड्या दुरुस्त करणारा मल्लिनाथ आहे. त्याच्यापुढं गाडी उभी केली. आता दिवा लागणार म्हणून बोट रोखून बसलो. लागला नाही! इंजिन जोरात केलं, हळू केलं, रस्त्यावर फिरवून आणली. नाहीच. मल्लिनाथनं तारा ओढून बघितल्या, बॅटरीत पाणी घातलं आणि म्हणाला, दिवा लागंना की ओ वकीलसाहेब. लागला की घेऊन या, मग बघतो. म्हटलं, लागल्यावर गाडी येईल कशी? तो म्हणाला, त्ये बी खरं हाय.

मग त्यानं चहा पाजला. माणूस चांगला आहे, पण त्याच्या विद्येला मर्यादा आहेत.

२० जानेवारी, शनिवार.

तेल. वाटी भरून सांडेपर्यंत. पुस्तकातल्या पट्ट्याच्या चित्राखाली मी पेन्सिलनं लिहिलं: तपासला, घट्ट आहे, शिवाय तेल दिलेलं आहे.

२१ जानेवारी, रविवार.

दिवा. आता नुसता लागत नाही, डोळा मारतो. लागतो, विझतो, लागतो. स्वप्नातसुद्धा दिसला. स्वप्नात तो वनमालेच्या कपाळावर होता.

अनसूयेनं पुन्हा एसटीचा विषय काढला. रागावलो. म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? ती म्हणाली, तुमच्यावर आहे, त्या पेटीवर नाही. पेटी!

२६ जानेवारी, शुक्रवार.

शाळेत झेंडावंदन. निवडणुकीची मंडळी गाडी मागायला आली. प्रचाराला लावतो म्हणाले, कर्णा बांधतो म्हणाले. सांगितलं, गाडी एका कामासाठी राखून ठेवलीय. कोणतं काम, म्हणून विचारलं तर मी गाडीचं दार लावून घेतलं. त्यांना वाटलं मी विरोधी पक्षाचा.

घाटाचा सराव आज नक्की होता. ध्वजारोहणामुळं राहिला.

२७ जानेवारी, शनिवार.

तेल. बरणी तळाला गेली. अनसूया तेलघाणीवाल्याशी भांडून आली की माप कमी देता. मला वाईट वाटलं, पण अशा वेळी बोलून तिच्या मनावर ताण आणू नये.

१ फेब्रुवारी, गुरुवार.

गाव घाबरलंय. शनिवारपासून सोमवारपर्यंत आठ ग्रह एका राशीत. मठात होम, देवळात जप, शाळेत निम्मी पोरं नाहीत. जग बुडणार म्हणून आमच्या एका पक्षकारानं सोमवारची तारीख पुढची घ्या म्हटलं. बुडाल्यावर तारखेचं काय करणार, ते त्यानं सांगितलं नाही.

मी कोणाला बोलून दाखवत नाही, पण आता मला भीती वाटते. आठ ग्रहांची नाही. मला त्या रस्त्याची भीती वाटते. घाट उतरल्यावर डावीकडं लिंबाचं एक झाड आहे. तिथं आम्ही बैल थांबवले होते. डोळे मिटले की ते झाड दिसतं आणि उघडले की दिवा.

प्रमोदिनी दुपारी जवळ येऊन बसली. म्हणाली, आप्पा, मी एसटीनं आधीच जाते ना, आई म्हणते तशी. तिला दम दिला. म्हटलं, तारीख अजून लांब आहे आणि तुझा बाप अजून जिवंत आहे. ती उठून गेली. शाल अंगावर ओढून लिहितोय. थंडी फार आहे यंदा.

३ फेब्रुवारी, शनिवार.

अष्टग्रही लागली. तात्या म्हणाले, आज कसर ठेवू नकोस. नवी बरणी आली होती. अनसूया देवळात गेल्यावर निम्मी गाडीवर ओतली. चाकं, पट्टा, पंखा, सगळं न्हालं. रुईच्या पानांची माळ घातली. हात जोडून बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.

त्यानंतर खात्री करायला स्विच लावून दिवा बघत बसलो. बराच वेळ बसलो. दिवा हळूहळू मंद होत गेला. शेवटी नुसती निखाऱ्यासारखी लाली. केवढा आनंद! शनी शांत होतोय हे मी डोळ्यांनी पाहिलं.

४ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.

प्रमोदिनीच्या पोटात दुखतंय. अनसूया म्हणते कळा आहेत. तारखेच्या आधी कशा असतील? सुईण सिताबाईला बोलावलं. तिनं हात लावून बघितलं आणि मला म्हणाली, बसू नका दादा, निघा आत्ताच्या आत्ता.

निघतो. बटणानं गाडी चालू होईना. हँडल मारतोय.

त्याच दिवशी. तामलवाडीच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला.

डायरी गाडीच्या कप्प्यात होती. लिहितोय, कारण हातांना दुसरं काही करता येत नाहीये.

घाट उतरलो. कसा उतरलो आठवत नाही. दिवा सुरुवातीपासून लाल होता. मी त्याच्याकडं बघत होतो आणि अनसूया मला ओरडून रस्त्याकडं बघा म्हणत होती. मागच्या सीटवर प्रमोदिनी ओठ चावून पडलेली. सपाटीला लागलो तशी गाडी किंचाळायला लागली. पुढून वाफ. मग सगळीकडं एक वास भरला. दोन कळांच्या मधे प्रमोदिनीनं डोळे उघडले आणि विचारलं, आई, इथं भजी कोण तळतंय?

गाडी थांबली. समोर डावीकडं लिंबाचं झाड.

खरंच सांगतो, मला उतरता येईना. वाटलं, पुन्हा तेच. पुन्हा मी उशाशी बसणार आणि पुन्हा काही करू शकणार नाही. देवीचं नाव घ्यायला गेलो तर तोंडातून वनमालेचं नाव आलं.

अनसूया उतरली. झाकण उघडलं. वाफ ओसरेपर्यंत थांबली. पट्ट्याला बोट लावलं, नाकाशी नेलं. मग माझ्याकडं बघितलं. आपल्या घरचं तेल बाई ओळखते. बोट पदराला पुसलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मागून तुळजापूर-सोलापूर एसटी आली. मी अजून सीटवरच. अनसूया रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, पदर खोचून. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. गाडी गच्च भरलेली. कंडक्टर बब्रुवान दार उघडून ओरडला, बाई, मरायचंय का? मग त्यानं प्रमोदिनीला पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम बदलला. जळकोटची एक कस्तुराबाई सीटवरून उठली आणि म्हणाली, लेकराला हिकडं द्या, म्या धरते. पुढची सगळी सीट रिकामी झाली. पोरीला उचललं तेव्हा एक हात माझाही होता. एवढं झालं माझ्याकडून.

मी पायरीवर पाय ठेवला तर बब्रुवान म्हणाला, साहेब, उभं ऱ्हायला बी जागा न्हाय. अनसूया आतून म्हणाली, तुम्ही थांबा गाडीजवळ. आणि तो पट्टा शिकेकाईनं धुवा.

एसटी गेली. धूळ बसली. मी आणि लिंबाचं झाड.

त्याच दिवशी. थोड्या वेळानं.

शेतातून कोंडीराम नावाचा माणूस आला. बघून म्हणाला, बैलं हाईत की, जुंपू का? नको म्हणायचं होतं. हो म्हटलं. दोराला गाडी बांधली, बैल पुढं, मी स्टिअरिंग धरून आत. तामलवाडीपर्यंत असे आलो. तसं पाहिलं तर ही बैलगाडी नव्हे. बैलगाडीला हॉर्न नसतो.

अजून काही कळलेलं नाही. पुढच्या एसटीनं निघतो. देवा, दिवा लागू दे, गाडी जळू दे, फक्त ती.

५ फेब्रुवारी, सोमवार. सोलापूर.

मुलगी झाली. दोघी सुखरूप.

बब्रुवाननं मधे एकही स्टँड घेतलं नाही म्हणे. चढायला उभे असलेले लोक शिव्या देत राहिले आणि बस सरळ दवाखान्याच्या दारात. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं.

प्रमोदिनीनं बाळ दाखवलं. मी रडलो. ती म्हणाली, आप्पा, आता कशाला? अनसूया म्हणाली, आज जग बुडणार होतं ना? जग आहे तिथंच आहे, माझं तेल तेवढं संपलं.

सगळं सांगून टाकलं. शनिवार, पळी, वाटी, बरणी. ती ऐकून घेत होती. शेवटी एवढंच विचारलं की तेलघाणीवाल्याशी भांडले तेव्हा का बोलला नाहीत.

८ फेब्रुवारी, गुरुवार. तामलवाडी.

पट्टा शिकेकाईनं धुतला. दोनदा. बॅटरी सोलापुरात भरून आणली. गाडी चालू केली. दिवा उभ्या गाडीला लागला, पळाल्यावर विझला. साहेब म्हणाले होते तस्सं.

तात्या इथपर्यंत बघायला आले. त्यांचं म्हणणं, तेलानं गाडीवरचं सगळं अरिष्ट ओढून घेतलं म्हणून पोरगी वाचली, आणि पुढच्या शनिवारपासून तूप वापरावं. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. अनसूयेला अजून सांगितलेलं नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार. तुळजापूर.

बारसं घरी करायचं म्हणून आज सगळ्यांना आणायचं होतं. पहाटेच गाडी धुऊन, पुसून, मागच्या सीटवर नवी गादी घालून दवाखान्याच्या दारात उभी केली. दार उघडून धरलं. प्रमोदिनीनं बाळाला छातीशी घेतलं, माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि फार हळू आवाजात म्हणाली, आप्पा, रागवू नका, आम्ही एसटीनं येतो.

रागावलो नाही. तिच्या पिशव्या गाडीत ठेवल्या. पिशव्यांना भीती नसते.

एसटी पुढं, मी मागं. बब्रुवानचीच बस होती. दवाखाना, वेस, तामलवाडी, लिंबाचं झाड. बस थांबली नाही, मीही थांबलो नाही. मग घाट. तो मी आज पहिल्यांदा चढलो. लाल दिवा पूर्ण रस्ताभर एकदासुद्धा लागला नाही. लागला असता तर मला लगेच कळलं असतं.

घाटाच्या शेवटच्या वळणावर रस्ता रुंद झाला. बस बाजूला झाली. बब्रुवाननं खिडकीतून हात काढून खूण केली, जा पुढं, साहेब.

मी गेलो नाही. पुढं एसटी असलेली बरी.